कुरतडलेले बोके

१

वच्छलाची काच गेली हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी अंगणात चिंचेखाली खुर्ची टाकून बसलो होतो आणि दिव्यानी माझा फोटो काढत होती.

वच्छला माझी बायको. ती पावसाळ्यात गेली. सगळी नोकरी तिने एटापल्लीच्या बाजूला नर्स म्हणून केली आणि मी माजरीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. दोघं निवृत्त झालो आणि चंद्रपूरला येऊन राहिलो. तिला फोटो काढायचा नाद होता. कॅमेरा नवा होता, पण त्याला ती एक जुनी जपानी लेन्स रिंग बसवून लावायची. ती लेन्स आमच्या लग्नाच्याही आधीची. जटपुरा गेटजवळच्या नईमभाईंनी एका बंद पडलेल्या रीळाच्या कॅमेऱ्याची काढून दिली होती. वच्छला तिला लेन्स म्हणत नसे. काच म्हणायची. "माझी काच कुठी ठेवली?" असं.

त्या काचेने तिने येरमेटोल्याच्या बायांचे फोटो काढले. एटापल्लीच्या पुढचं गाव आहे. तिथल्या बायांचे फोटो म्हणजे आधार कार्डावरचे. वच्छलाने एकेकीला मोहाच्या झाडाखाली बसवून फोटो काढला, मोठा करून आणला आणि जिच्या तिच्या घरी लावून दिला. एक बाई राहिली. बुधरीबाई. तिच्या घरी वच्छला राहायची, आणि ती दर खेपेला म्हणायची, आधी बाकीच्यांचे काढ, मी काय पळून चालली. शेवटी दवाखान्यात वच्छला मला जे थोडं बोलली त्यात हे होतं: "बुधरीचा राहिला."

मला तेवढं करायचं होतं. दिव्यानी लग्नाचे फोटो काढते, हात धरून शिकली ती वच्छलाकडेच. तिला म्हटलं, तू चल, पण काच तिचीच लावायची. त्याआधी सवय व्हावी म्हणून ती माझे फोटो काढून हात बसवत होती.

तिने मला पडद्यावर फोटो दाखवला. मी माझं तोंड बघून सोडून दिलं. मागे बघितलं. चिंचेच्या पानांतून येणाऱ्या उजेडाचे गोल झाले होते, एकात एक विरघळलेले. जपानी लोक फोटोतल्या मागच्या पुसटपणाला बोके म्हणतात. वच्छलाने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, मांजरीचे? तेव्हापासून आमच्या घरात त्या गोलांना बोकेच म्हणायचे. आज बोके चांगले आले. आज बोके पळाले.

फोटोतले बोके अख्खे होते. थाळीसारखे.

"ही तिची काच नाही," मी म्हटलं.

"काका, तेच तर आहे. नाव तेच लिहून आहे गोल."

"बोके पाह्य."

वच्छलाच्या हातून ती काच एकदा एटापल्लीच्या बसस्टँडवर पडली होती. कडेचा टवका उडाला. उजेड तिथून फुटू नये म्हणून नईमभाईंनी त्या टवक्याला काळी शाई भरली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक गोलाला खालून डावीकडे एक घास घेतल्यासारखा असायचा. ती हसायची. म्हणायची, माझे बोके उंदराने कुरतडले, दुनिया उलटी झाली.

दिव्यानीने फोटो मोठा केला, एक गोल बघितला, मग दुसरा. मग कॅमेरा खाली ठेवून ओढणीला हात पुसले.

"मंग हे कोणाची आहे, काका?"

२

पोलिसात जाऊन काय सांगणार? फोटोतले गोल अख्खे आले म्हणून? मी सईदाबाईंना फोन केला.

सईदाबाईंचं चष्म्याचं दुकान आहे. वच्छलाची जुनी मैत्रीण. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं. कोण खोटं बोलतं हे त्यांना डोळे तपासता तपासता कळतं अशी वच्छलाला खात्री होती. दुपारी दुकान पोराच्या हवाली करून त्या आल्या आणि चहा येण्याआधीच कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"दसरूभाऊ, चोर माल घेऊन गेला अन् बदल्यात माल ठेवून गेला. असा चोर कधी माझ्या दुकानात बी पाठवा."

"मस्करी नका करू, सईदाबाई."

"मस्करी नाई. हाच सवाल आहे. काऊन ठेवून गेला?"

कपाटाला कुलूप नसतं. मधल्या फळीवर वच्छलाच्या रोजच्या वस्तू असत: काच, चष्मा, कंगवा, गोळ्यांचा डबा. ती गेल्यावर घरात कोण कोण आलं ते त्यांनी विचारलं. खूप लोक आले, पण कपाटापर्यंत जाणारे चारच. दिव्यानी, ती कॅमेरा पुसायला यायची. नईमभाई, ते भेटायला आले तेव्हा म्हणाले होते की काच विकायची असेल तर दुसऱ्या कोणाला देऊ नका. माझा भाचा चंदन, तो माझ्याकडेच राहतो, ठेकेदाराकडे वेल्डर आहे. आणि बुधरीबाई. ती तेरवीला गावाहून आली होती.

"तेरवीला काय काय वाटलं?"

"मी कुठे होतो शुद्धीवर. सगळं चंदनने पाहिलं. साड्या माझ्या बहिणीला दिल्या. बीपीचं मशीन एटापल्लीच्या नर्सबाईला. चष्मा बुधरीबाईने मागून नेला."

"चष्मा? वच्छलाचा नंबर तिले कसा चालंन?"

"आठवण म्हणून नेला असेल."

त्यांनी मान हलवली आणि ती परकी काच हातात घेतली. पुढच्या टोपणावर पांढरी चिकटपट्टी होती, दवाखान्यातली. वच्छलाने लावलेली, टोपण हरवलं तर ओळखू यावं म्हणून.

"हे टोपण तर तिचंच आहे."

"हो."

"मागचं बी?"

"मागचंही. आणि कॅमेऱ्याला बसवायची रिंग पण इथेच होती."

सईदाबाई खाली बसल्या. "ऐका भाऊ. ज्याले काच वापरायची आहे, नाईतर विकायची आहे, तो टोपण सोडून जाणार नाई. ओरखडा पडला का माल मातीमोल. ज्यानं नेली, त्यानं उघडी नेली. त्याले टोपण कशासाठी असते हेच मालूम नसंन, नाईतर गरज नसंन. अन् ज्यानं दुसरी ठेवली, त्यानं मात्र आठवणीनं वच्छलाचंच टोपण लावून ठेवली."

"म्हणजे?"

"म्हणजे हे एका माणसाचं काम नाई. दोन आहेत."

३

दिव्यानीला सईदाबाईंनी माझ्यासमोरच विचारलं. पोरगी आधी रडवेली झाली, मग चिडली.

"मावशी, मले चोरायचीच असती तर काकाले फोटो कायले दाखवला असता? तो बी काचेतलं भोक पूर्ण उघडं ठेवून, मागं उजेड घेऊन? ते भोक थोडं बारीक केलं असतं तर सगळे गोल सहा कोनी झाले असते. कोणता घास अन् कोणता उंदीर, काहीच दिसलं नसतं."

"हे बरोबर आहे," सईदाबाई म्हणाल्या. "पण तुझे अलीकडचे फोटो दाखव."

तिने मोबाइलवर लग्नांचे फोटो दाखवले. मागे लायटिंगच्या माळांचे गोल होते, पण त्यांच्यात कांदा कापल्यासारख्या रेघा, एकात एक. दिव्यानी म्हणाली, नव्या लेन्सला असंच येतं. वच्छलाच्या काचेचे गोल आतून साफ असत आणि कडेला मऊ. फोटोच्या कोपऱ्यांत ते लिंबाच्या फोडीसारखे निमुळते व्हायचे, जसे मधल्या माणसाभोवती रिंगण धरून आहेत. दिव्यानीच्या एकाही फोटोत तसे नव्हते.

"मी मागत होती काकीले," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू. म्हणत होती, एका लग्नापुरती द्या. काकी म्हणे, लग्नात कोणी मागचं पाह्यते का, सगळे जेवणाकडे पाह्यतात."

मी वच्छलाचा आवाज ऐकल्यासारखा हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग आम्ही जटपुरा गेटला नईमभाईंकडे गेलो. ते घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करतात. आता कॅमेरे कमीच. काउंटरवर ती काच ठेवल्याबरोबर त्यांनी चष्मा वर केला.

"हे माझ्याच दुकानातली."

"कोणाला दिली?" मी विचारलं.

"का? खराब निघाली?"

"नईमभाई, वच्छलाची काच घरात नाही. तिच्या जागी ही आहे."

त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. मग राग आला. "अन् तुम्ही माझ्यावर शक घेऊन आले? मी वहिनीची काच उचलली, अन् ही ठेवली? दसरूभाऊ, तुमच्या घरची चाय पेली मी."

"शक नाई, नईम," सईदाबाई म्हणाल्या. "तू ठेवली असती तर कडेला काळी शाई लावून ठेवली असती. तो टवका तूच भरला ना. हे ज्यानं ठेवली, त्याले टवका मालूमच नव्हता. म्हणजे वरून काच त्याच्या ओळखीची, पण वच्छलाचे फोटो त्यानं कधी नीट पायले नाई."

नईमभाई थंड झाले. काच फिरवून बघत राहिले. "वहिनीच्या काचेची एकच जोडीदार होती माझ्याकडं, ते हेच. एक जण आला, मोबाइलवर काचेचा जुना फोटो दाखवला, म्हणाला अगदी अशीच पाहिजे. मी म्हटलं, ही महाग पडंन. तर म्हणाला, चालते."

"नाव?"

"नाव घेणार नाई. जबान दिली. पण एक सांगतो, भाऊ. तुमचं वाईट पाह्यणारा माणूस नोहे तो."

४

नईमभाईंच्या दुकानातून निघालो ते सईदाबाईंच्या दुकानात आलो. मला दुसऱ्या काचेचं कोडं उलगडल्यासारखं वाटत होतं, पण मी ते नाव मनात येऊ देत नव्हतो. आणि पहिली काच कुठे गेली याचा तर पत्ताच नव्हता.

दुकानात एक म्हातारा बसला होता. सईदाबाईंकडे एक पत्र्याचा डबा आहे. लोक जुने चष्मे त्यात टाकून जातात, आणि ज्याला नवा परवडत नाही त्याला त्यातला नंबर जुळवून त्या देतात. म्हाताऱ्यासाठी त्या डब्यात हात घालून एकेक काढत होत्या.

"हे लावून पाहा, बाबा."

म्हाताऱ्याने लावला. काळी फ्रेम, डाव्या दांडीला पितळेचा स्क्रू.

"असाच होता तिचा," मी म्हटलं. नुसतं बोलायचं म्हणून.

सईदाबाईंनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांवरून चष्मा हळूच काढून घेतला. दांडी उजेडात धरली. स्क्रू बघितला.

"असाच नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "हाच आहे. हा स्क्रू मी माझ्या हातानं बसवला होता. स्टीलचा मिळाला नाई म्हणून."

म्हातारा आमच्याकडे बघत होता. त्यांनी त्याला दुसरा चष्मा दिला, तो डोळ्यांना बसला आणि म्हातारा निघून गेला. मग त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या.

"चष्मा बुधरीबाईनं नेला म्हणता. तो माझ्या डब्यात. मंग तिनं काय नेलं?"

मी तो चष्मा त्यांच्या हातातून घेतला.

"बुधरीबाईनं चष्मा मागितला, हे तुमाले कोणी सांगतलं?"

"चंदनने."

"तिनं चष्मा हा शब्द म्हटलाच नसंन. वच्छलाच्या घरात काच म्हणजे काय?"

"लेन्स."

"येरमेटोल्यात बी तेच. तुमच्या बायकोनंच शिकवलं. अन् चंदनसाठी काच म्हणजे? त्यानं कधी फोटोत डोकं घातलं नाई. मेलेल्या बाईची काच म्हणजे त्याले चष्माच वाटंन. तेरवीची गर्दी, जेवणं चाललेली. तो म्हणाला असंन, घेऊन जा मावशी, फळीवर आहे. फळीवर दोन्ही बाजूबाजूले. तिनं जे मागितलं तेच नेलं. चोरी कुठी झाली यात?"

"मग चंदन..."

"दोनतीन दिवसांनी फळी पुसताना त्याले चष्मा दिसला असंन, अन् काच नाई. तेव्हा समजलं. आता मामाले सांगावं कसं? तुम्ही तेव्हा जेवत बी नव्हते भाऊ, मी पाह्यत होती ना. अन् देलेली वस्तू त्या बाईले परत मागावी कशी? म्हणून जोडीदार काच शोधून आणली अन् टोपण लावून ठेवून देली. राहिला चष्मा. तो बुधरीबाईनं नेला असं तुमाले सांगून बसला होता, मंग घरात ठेवता येत नव्हता. फेकवला नाई त्याच्यानं. इथी आणून टाकला. मी नसताना."

मला आठवलं. चंदनचा मोबाइल फुटका आहे. काचेवर चिकटपट्टी लावून वापरतो. दिवाळीत नवा घेणार होता. घेतला नाही, आणि विचारलं तर म्हणाला, चालते ना मामा, बोलता येते ना.

"त्याला आज विचारू का?" मी म्हटलं.

"पहिले बुधरीबाईले पाहा. मी येते संगं."

५

दिव्यानी, सईदाबाई आणि मी सकाळच्या बसने निघालो. आलापल्लीला गाडी बदलली. पुढच्या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक एकामागून एक येत होते आणि दोन्ही बाजूची झाडं खालपासून अर्ध्यापर्यंत तांबडी झाली होती. दिव्यानी कॅमेरा ओढणीत गुंडाळून बसली होती. त्यावर चंदनने आणलेली काच होती. आमच्याकडे तेवढीच होती.

बुधरीबाई खळ्यावर होती. धान मळणं चाललं होतं. मला बघून तिने सूप खाली ठेवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि मग घराच्या ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. वच्छला या ओट्यावर बसून पोरांना गोळ्या द्यायची.

"बुधरीबाई," मी म्हटलं, "तेरवीला तू काच आणली ना?"

"हो. पोराले विचारून आणली." तिने माझ्याकडे बघितलं. "काऊन, दादा? द्यायची नव्हती का?"

"नाही, तसं नाही."

ती आत गेली आणि एक लहान मडकं घेऊन आली. तोंडावर नवं पांढरं कापड बांधलं होतं. तिने ते सोडलं. आत काच होती. तेल आणि हळद लावलेली, पिवळी. मी ती उचलून उजेडाकडे धरली. कडेचा काळा टवका बोटाला लागला. आरपार काही दिसत नव्हतं, नुसता पिवळा उजेड.

दिव्यानीने डोळे मिटून घेतले. सईदाबाई हळूच म्हणाल्या, "वरची साफ होईन. तेल आत गेलं असंन तर नईमले खोलावी लागंन. पण होईन."

"आमच्याकडं माणूस गेलं का त्याचा दगड उभा करतो," बुधरीबाई म्हणाली. "पलीकडं झाडीत आहेत सगळ्यांचे. माझ्या सासूचा, माझ्या माणसाचा. दगडापाशी त्याची एक वस्तू ठेवतो. बाई आमच्या गावची नोहे, पण गाव बसलं अन् म्हणाले, बाईचा बी दगड पाह्यजे. इथल्या अर्ध्या पोराईले आईच्या पोटातून तिनंच तर बाहेर काढलं. मंग वस्तू कोणती? गावातली सोमारी म्हणे साडी. मी म्हटलं, साडी तर कोणाची बी असते. ज्या काचेतून तिनं आमाले पायलं, ते पाह्यजे."

मी त्या टवक्यावरून बोट फिरवलं.

"तुमाले पाह्यजे असंन तर न्या, दादा," ती म्हणाली. "खरंच न्या. आम्ही साडी ठेवू. त्याच्यात काय."

मी बसमध्ये ठरवून आलो होतो की काच मिळाली तर तिच्याकडून मागून घ्यायची, बुधरीबाईचा फोटो त्याच काचेने काढायचा आणि वच्छलाचं राहिलेलं पूर्ण करायचं. काच हातात होती. सईदाबाई वाट बघत होत्या. नईमभाईंनी ती महिनाभरात साफ करून दिली असती. मी ती परत मडक्यात ठेवली.

"राहू दे," मी म्हटलं. "तू तोंड धू. तुझा फोटो काढायचा आहे."

"आता? ह्या धुळीत?" ती लाजली. "अन् कायनं काढता? काच तर हे आहे."

"ही दुसरी आहे. माझ्या भाच्याने आणली."

"तेच पोरगं? जेवू घालत होतं ते?"

"तेच."

"मंग काढा," ती म्हणाली, आणि लुगडं बदलायला आत गेली.

दिव्यानीने तिला मोहाखाली बसवलं. बुधरीबाई आधी आधार कार्डासारखी ताठ बसली. सईदाबाई म्हणाल्या, "बाई, श्वास घे, नाईतर सरकार तुझं बी कार्ड रद्द करंन." तेव्हा ती हसली, आणि दिव्यानीने तेवढ्यात काढला. आम्ही पडद्यावर बघितला. बुधरीबाईचं हसणारं तोंड, एका दाताची फट, आणि मागे मोहाच्या पानांतला उजेड गोल गोल झालेला. अख्खे गोल. कुरतडलेला एकही नव्हता. तिच्याभोवती रिंगण धरून होते, जसे बाकीच्या बायांभोवती असतात.

"बाकीच्याईसारखा आला का?" तिने विचारलं.

"थोडा वेगळा आहे," दिव्यानी म्हणाली.

"असू दे. मी बी थोडी वेगळीच आहे."

संध्याकाळच्या गाडीआधी ती आम्हाला झाडीत घेऊन गेली. दगड ओळीने उभे होते, काही माझ्या कमरेएवढे, काही जमिनीत कललेले. शेवटच्या दगडाच्या बाजूला जागा साफ करून ठेवली होती. तिथे काही नव्हतं.

"हे बाईची जागा," बुधरीबाई म्हणाली.

"दगड?"

"आम्ही आणत नाई, दादा. ते घरच्या माणसानं डोंगरातून आणावा लागते. म्हणून थांबून आहो. मडकं बी तोवर घरातच."

"माझे गुडघे पाहिले का?"

"एकट्याच्यानं होतच नाई ते. दोघं लागतात. घरचे दोघं."

परत येताना बसमध्ये सईदाबाई झोपल्या. दिव्यानी फोटो मोठे करून बघत होती. चंद्रपूरला उतरलो तेव्हा चंदन स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. माझ्या हातातली पिशवी त्याने घेतली. फोटो झाला का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. बरं झालं, तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली. काच कशी होती हे त्याने विचारलं नाही.

बुधरीबाईचा फोटो मोठा होऊन आला आहे. धान घरात गेलं की गाव मोकळं असतं, तेव्हा या, असा तिचा निरोप आहे. दगड डोंगरातून आणायचा आहे, घरच्या दोघांनी. चंदनला मी अजून विचारलेलं नाही.